गरम पाण्याची पिशवी

पत्र :
"मी लालबागला चाळीत राहते, तिसरा मजला. वय ६३. घरात मी, मुलगा आणि सून. सून ३१ वर्षांची, फोर्टला सरकारी बँकेत क्लार्क आहे. दोन वर्षांपूर्वी तिला उजव्या डोळ्याने धूसर दिसायला लागलं, डोळा फिरवला की दुखायचा. तीन आठवड्यांत आपोआप बरं झालं म्हणून आम्ही सोडून दिलं. गेल्या वर्षी पाय जड झाले, कमरेखाली मुंग्या. एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढलं आणि मल्टिपल स्क्लेरोसिस सांगितलं. पाच दिवस सलाइनमधून स्टिरॉइड दिलं, पाय सुधारले. आता दर सहा महिन्यांनी एक औषध सलाइनमधून देतात.
दिसायला ती ठणठणीत आहे. कामावर जाते, पण घरी आली की आडवी होते. रविवारी भर दुपारी बारालाच झोप. दोनदा दूध उतू घातलं. मागच्या महिन्यात मी बोलून गेले, 'तुझ्या वयाची होते तेव्हा गिरणी बंद पडलेली, तीस डबे करून मी दोन पोरं वाढवली.' ती काही बोलली नाही. मोरीत जाऊन रडली.
मी तिचं करत नाही असं नाही. सकाळी अंघोळीला कढत पाणी काढून देते, रात्री पाय आखडतात म्हणून पिशवीने शेकते. तरी अंघोळ करून आली की पाय लटपटतात. धाकटी जाऊ म्हणते, इंजेक्शनं बंद करा, आधी मूल होऊ द्या. मुलाच्या मित्राने स्टेम सेलवाल्यांचा पत्ता दिलाय, साडेचार लाख मागतात. ही खुर्चीला खिळेल का? पुढे होणाऱ्या मुलाला होईल का? आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती, चाळीस माणसं जेवतात. यंदा तिला काय सांगू? माझं कुठे चुकतंय?"

ताई,

आधी ती गरम पाण्याची पिशवी कपाटात ठेवा. अंघोळीचं कढत पाणीही आजपासून बंद, कोमट द्या. बाकीचं सावकाश बोलू.

तुम्ही मायेने केलंत, आणि दुसऱ्या एखाद्या पायदुखीला ते लागू पडलं असतं. या आजारात मात्र उष्णता वैरीण आहे. अंगाचं तापमान अर्ध्या अंशाने चढलं तरी जुनी लक्षणं डोकं वर काढतात : पाय लटपटतात, नजर धूसर होते, जीभ जड होते. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० साली हे पहिल्यांदा नोंदवलं, त्याच्या नावाने ते आजही ओळखलं जातं. एमआरआय नव्हता त्या काळात तर संशय आलेल्या रुग्णाला चक्क गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं उमटतात का ते बघायचे. तुमच्या मोरीत रोज सकाळी नकळत तीच परीक्षा चालली होती. घाबरू नका, यात नस नव्याने खराब होत नाही. अंग निवलं की माणूस पूर्ववत होतो. पण रोज सकाळी निम्मं बळ अंघोळीतच संपवून ती कामाला निघते. शिवाय पायांना बधिरपणा असेल तर पिशवीचा चटका तिला कळणारही नाही, सकाळी फोड दिसेल तेव्हाच कळेल.

मी डॉक्टर नाही, हे सांगून टाकते. पालिकेच्या एका रुग्णालयात मेडिकल सोशल वर्कर म्हणून २८ वर्षं काढली. न्यूरॉलॉजीच्या ओपीडीबाहेरच्या बाकांवर जे ऐकलं आणि डॉक्टरांच्या मागे लागून जे समजून घेतलं, त्यावर लिहिते. औषधाचा शेवटचा शब्द तिच्या डॉक्टरांचाच.

आता थकव्याचं. तुमचं सगळं पत्र त्याच्याभोवती फिरतं, म्हणून मीही तिथे जरा जास्त रेंगाळणार आहे.

मेंदूकडून पायाकडे निघालेला निरोप नसेतून जातो. नसेवर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टण असतं, त्यात ठरावीक अंतरावर फटी असतात आणि निरोप एका फटीवरून पुढच्या फटीवर उड्या मारत जातो. म्हणजे फास्ट लोकल. या आजारात शरीराची स्वतःचीच फौज मेंदूतल्या, पाठीच्या कण्यातल्या आणि डोळ्याच्या नसांच्या वेष्टणावर तुटून पडते. जिथे वेष्टण गेलं तिथे उडी मारता येत नाही. रविवारी मेगाब्लॉकला कल्याणची फास्ट माटुंग्यापासून स्लोच्या रुळांवर घालतात ना, तसं. गाडी पोचते, पण रखडत, थांबत पोचते, आणि कधी मध्येच उभी राहते. बाहेरून बघणाऱ्याला एवढंच दिसतं की माणूस वेळेवर घरी आला. तो कसा आला हे त्यालाच ठाऊक. तुमची सून फोर्टहून घरी येते तेव्हा तिच्या मेंदूने दिवसभर मेगाब्लॉकमधून गाड्या चालवलेल्या असतात.

म्हणून हा थकवा झोप काढली की जाणारा नव्हे. या आजाराच्या रुग्णांची ही सगळ्यात जास्त आढळणारी तक्रार आहे, आणि सगळ्यात कमी विश्वास ठेवली जाणारीही. लंगडणाऱ्याला लोक जागा देतात, दमलेल्याला टोमणा देतात. मी स्वतः दिलाय. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक तिशीची बाई रांग सोडून बाकावर जाऊन बसली, तिला मी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "हात-पाय धड आहेत ना, उभ्या राहा." तिच्या केसपेपरवरचं निदान मी तासाभराने वाचलं. तोवर ती निघून गेली होती. पुढच्या तारखेलाही आली नाही.

तेव्हा तीस डब्यांबद्दल तुम्ही जे बोललात त्यावरून तुम्हाला बोल लावायला माझं तोंडच नाही. पण तुमचा तोच हिशेब इथे उपयोगी पडेल. तुमच्याकडे रोज तीस डब्यांचा शिधा भरलेला असायचा, कष्ट फक्त रांधायचे. हिच्याकडे सकाळी बारा डब्यांचाच शिधा येतो. एखाद्या दिवशी आठच. किती येणार हे आदल्या रात्री कळत नाही. त्यातले चार बँकेत, दोन जाण्या-येण्यात, एक तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात. उरलेल्यांत स्वयंपाक करायचा की नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे, हे तिला रोज निवडावं लागतं. दूध उतू गेलं तेही यातलंच. एका वेळी दोन गोष्टींवर लक्ष ठेवणं या आजारात अवघड होतं, बुद्धी शाबूत असूनही. दुधाचं काम तुम्ही घ्या, नाहीतर शिट्टी वाजणारं दुधाचं भांडं आणा. त्यावर चर्चा नको.

थकव्यावर गोळी मिळेल का, हे मुलगा विचारेलच. अमँटाडिन, मोडाफिनिल वगैरे औषधं वर्षानुवर्षं दिली जात आहेत. २०२१ मध्ये त्यांची नीट तुलना केली तेव्हा नुसत्या नकली गोळीपेक्षा त्यांचा जास्त फायदा दिसला नाही. मग कशाने फरक पडतो? पहिलं म्हणजे थकव्याची दुसरी कारणं शोधणं : हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व. आपल्याकडच्या बायकांत यातलं काही ना काही कमी निघतंच. दुसरं, रात्रीची झोप कशाने मोडते ते बघणं. लघवीला तीनदा उठावं लागत असेल तर दिवसा ती दमणारच. तिसरं तुम्हाला उलटं वाटेल : व्यायाम. पूर्वी या रुग्णांना विश्रांतीच सांगत, आता नेमका, झेपेल एवढा व्यायाम सांगतात. सकाळी उन्हाआधी किंवा पंख्याखाली, फिजिओथेरपिस्टने शिकवलेला. तुमच्यापासून लांब नाही, हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, केंद्र सरकारची, १९५५ पासूनची. तिथे एकदा दाखवाच. पाय आखडण्यावरही शेकण्याऐवजी ताणाचे व्यायाम आणि गरज पडली तर बॅक्लोफेनसारखी गोळी असते. ती सुरू झाली तर मनाने एकदम बंद करायची नाही, हळूहळू उतरवावी लागते.

आणि चौथं, मन. नैराश्य हे या आजाराचं लक्षणही असतं, नुसती प्रतिक्रिया नव्हे. मोरीत जाऊन रडणं एकदाचं असेल तर माझ्या-तुमच्यासारख्या बोलणाऱ्यांमुळे. पण वारंवार होत असेल, खाण्यावरची वासना उडाली असेल, तर डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

आता जाऊबाईंचा सल्ला. तो अजिबात ऐकू नका.

स्टिरॉइड आणि सहा महिन्यांचं औषध, यांत घोटाळा होतो म्हणून सांगते. स्टिरॉइड म्हणजे आग विझवणारा बंब. अटॅक आला, म्हणजे आजार अचानक उसळला, की तीन ते पाच दिवस, काम संपलं की परत. पुढची आग लागू नये यासाठी ते नसतं. ते काम या दुसऱ्या औषधाचं, आणि म्हणूनच ते माणूस ठणठणीत असतानाच घ्यायचं असतं. ती बरी दिसते म्हणून बंद करा, हे म्हणजे ज्या छत्रीमुळे कोरडे आहोत तीच टाकून देणं. डोळ्याचा तो पहिला त्रास आठवा, आपोआप बरा झाला होता ना? हा आजार असाच लपंडाव खेळतो. वरवर शांत असतानाही आत एमआरआयवर नवे डाग उमटत असतात.

औषधाचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. सहा महिन्यांनी सलाइनमधून म्हणजे बहुधा रिटुक्सिमॅब किंवा त्याच घरातलं ऑक्रेलिझुमॅब. रिटुक्सिमॅब मुळात रक्ताच्या एका प्रकारच्या कॅन्सरसाठी आलं. आपल्याकडे ते २००७ पासून बनतं, म्हणून परदेशी औषधांच्या मानाने परवडतं. डब्याच्या कागदावर मल्टिपल स्क्लेरोसिस लिहिलेलं नसेल, त्यावरून शेजारी कोणी "कॅन्सरचं औषध देतायत" म्हणून घाबरवेल. स्वीडनमध्ये या आजारासाठी हेच सगळ्यात जास्त वापरतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत या आजारासाठी ते घातलं आहे. १९९३ पर्यंत या आजाराला आवर घालणारं एकही औषध बाजारात नव्हतं, हेही जाऊबाईंना सांगा.

या औषधाची मोठी किंमत ही : फौजेतले काही शिपाई कमी होतात, म्हणून जंतुसंसर्ग लवकर होतो. सुरू करण्याआधी कावीळ बी आणि टीबीची तपासणी करतात. झाली होती का, ते फाइलमध्ये बघून घ्या. चाळीत कुणाला टीबी निघाला, घरात कुणी आठवडा-आठवडा खोकतंय, तर तिच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. कुठलीही लस घेण्याआधी त्यांना विचारा, जिवंत जंतूंच्या लसी तिला चालत नाहीत. आणि ताप आला, पाय लटपटले, की लगेच "अटॅक आला" म्हणून केमिस्टकडून स्टिरॉइड आणू नका. नवं लक्षण चोवीस तासांपेक्षा जास्त टिकलं आणि ताप किंवा संसर्ग नसेल, तर तो अटॅक. पुष्कळदा लघवीची साधी तपासणी केली की खरा गुन्हेगार सापडतो, आणि तो ओसरला की पायही सुधारतात.

मुलाचं. इच्छा रास्त आहे आणि अडचण वाटते तेवढी नाही. एके काळी या आजाराच्या बायकांना मूल होऊ देऊ नका असंच सांगत. १९९८ मध्ये युरोपातल्या बायकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि तो समज मोडला. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत अटॅक उलट कमी होतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत वाढतात, मग पुन्हा पूर्वीसारखे. आजाराची लांबची वाटचाल गरोदरपणाने बिघडत नाही. प्रश्न औषधाचा असतो. काही औषधं दिवस राहण्याआधी बरेच महिने थांबवावी लागतात, काही अचानक थांबवली तर आजार उसळून येतो. म्हणून क्रम असा : आधी न्यूरॉलॉजिस्टला सांगायचं की मूल हवंय, मग त्यांनी आणि बाळंतपणाच्या डॉक्टरांनी मिळून तारखा ठरवायच्या. जाऊबाईंनी उलटा क्रम सांगितला आहे, तेवढंच.

मूल होईल तेव्हा तुमची खरी गरज पहिल्या तीन महिन्यांत लागेल. रात्री बाळ उठलं की ते तुम्ही घ्यायचं, तिची झोप जपायची. आणि इथे आधीच सांगून ठेवते, कारण तेव्हा तुम्हाला आठवणार नाही : शेक-शेगडी, धुरी, कढत पाण्याने न्हाणं, हे बाळंतिणीचे आपले सगळे लाड तिच्या बाबतीत बंद. गिरगावातल्या एका आजींना मी हे पटवायला तासभर घालवला होता. शेवटी त्या म्हणाल्या, "मग बाळालाच शेकते." बाळाचं त्यांच्यावर सोपवलं.

बाळाला होईल का? परदेशी अभ्यासांत आईला हा आजार असेल तर शंभर मुलांतल्या दोन-तीन जणांना पुढे कधीतरी होतो, बाकीच्यांना नाही. यात कुणाच्या घराण्याचा दोष नाही. २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या कोटभर लोकांच्या नोंदी आणि रक्ताचे नमुने यांवरून दिसलं की एपस्टाइन-बार नावाच्या, जवळजवळ सगळ्यांनाच लहानपणी किंवा तरुणपणी होऊन जाणाऱ्या विषाणूचा यात हात आहे. तो होऊन गेल्यावर आजाराचा धोका ३२ पटींनी वाढलेला दिसला. तरीही तो विषाणू झालेल्यांतल्या फार थोड्यांनाच हा आजार होतो. त्यामुळे "तिच्या माहेरचं कोणाला होतं का" ही चौकशी कुणी करत असेल तर थांबवा.

स्टेम सेलवाल्यांना द्यायचे ते साडेचार लाख पोस्टात ठेवा. रुग्णालयात केमोथेरपी देऊन स्वतःच्याच मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, परत चढवण्याचा एक खरा उपचार आहे. तो आक्रमक आजाराच्या निवडक रुग्णांसाठी असतो, त्यात जिवाची जोखीम असते आणि तो मित्राने दिलेल्या पत्त्यावर होत नाही. बाकी हाडांतल्या मज्जेतून किंवा पोटाच्या चरबीतून पेशी काढून पाठीत टोचतो म्हणणारे जे आहेत, त्यांना भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची चाचणीबाहेर या आजारासाठी पैसे घेऊन असं करायला मान्यता नाही. मुलाला त्यांना एकच विचारायला सांगा : ही नोंदणीकृत चाचणी आहे का, आणि असेल तर माझ्याकडून पैसे कसे घेता?

खुर्चीचं उत्तर खात्रीने कोणीच देऊ शकणार नाही. हो म्हणणारा खोटा आणि कधीच नाही म्हणणाराही. जुने भयानक आकडे इंटरनेटवर दिसतात ते औषधं नसलेल्या काळातल्या रुग्णांचे आहेत. तिच्या बाजूने बऱ्याच गोष्टी आहेत : वय कमी, सुरुवात डोळ्यापासून, अटॅकनंतर सुधारणा चांगली, औषध लवकर सुरू. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर तेवढं थांबवा, धुराने हा आजार खरोखर वाढतो.

आता एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण चाळ म्हटल्यावर मी विचारणारच. संडास कुठे आहे? गॅलरीच्या टोकाला असणार. तर ऐका. या आजारात लघवीची घाई होते, म्हणजे वाटलं की दोन मिनिटंही दम निघत नाही, किंवा उलट, लघवीची पिशवी पूर्ण रिकामीच होत नाही. बायका हे कोणालाही सांगत नाहीत. त्या पाणी पिणं सोडतात. मुंबईत बँकेत, गाडीत, वाटेत सोय नसते म्हणून धडधाकट बायकासुद्धा हेच करतात. पण हिने केलं तर संसर्ग होतो, संसर्गाने ताप येतो, तापाने पाय जातात. बद्धकोष्ठ होतं ते वेगळंच. तुम्ही बाईमाणूस आहात, एका संध्याकाळी जवळ बसून सरळ विचारा. डॉक्टर सोनोग्राफीने लघवी केल्यावर आत किती राहते ते बघतात, त्याप्रमाणे गोळ्या असतात, ठरावीक वेळेला जायची सवय लावता येते. रात्रीसाठी खोलीत कमोडची खुर्ची आणा आणि पडदा लावा. उकिडवं बसून उठताना पाय आखडत असतील तर संडासात ठेवायचं कमोडचं स्टूलही मिळतं. लाज वाटते हे खरं. रात्री दीड वाजता अंधाऱ्या गॅलरीत पडण्यापेक्षा बरी.

जिन्याचंही तसंच. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवा. "कोणासाठी?" असं विचारतील. "माझ्या गुडघ्यांसाठी" म्हणा. खोटं नसेलच ते. आजाराबद्दल चाळीत कोणाला काय सांगायचं हे तिचं तिने ठरवायचं, तोवर तुमचे गुडघे चालतील. रिडेव्हलपमेंटच्या सह्या चालू असतील तर लिफ्ट येईपर्यंत थांबू नका. मी तशा सह्या बऱ्याच पाहिल्यात.

आणि राग मानू नका, पण एका खोलीत तीन माणसं. महिन्यातून दोन दिवस मुलीकडे, बहिणीकडे राहून या. या आजाराचा परिणाम नवरा-बायकोच्या जवळिकीवरही होतो, बधिरपणामुळे, थकव्यामुळे, मनामुळे. त्यांना निदान बोलायला भिंती हव्यात. मुलगा गप्प आहे असं तुमच्या पत्रावरून वाटलं. तो तुमच्यासमोर गप्प असेल.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, मल्टिपल स्क्लेरोसिस त्यात नावाने आहे. बहुतेक सवलतींना ४० टक्क्यांचा दाखला लागतो आणि तिची आजची तब्येत बघता तेवढे भरतीलच असं नाही. न भरणं ही आनंदाची गोष्ट समजा. पण सगळे रिपोर्ट, पहिल्या डोळ्याच्या त्रासाचा कागदसुद्धा, एका फाइलीत तारखेने लावून ठेवा. सरकारी बँक या कायद्याखाली सरकारी आस्थापना धरली जाते. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कलम २० प्रमाणे तिला काढता येत नाही, पदावनत करता येत नाही. गर्दी टाळून कामाची वेळ, पंख्याखालची किंवा एसीजवळची जागा, हेही मागता येतं. तिच्या नावावर गंभीर आजारांची विमा पॉलिसी आहे का बघा. अशा पॉलिसींच्या ठरलेल्या यादीत हा आजार असतो, अट अशी की हालचालीतला किंवा संवेदनेतला दोष सलग सहा महिने टिकलेला असावा. मेडिक्लेमवाल्यांनी सलाइनच्या औषधाला नाही म्हटलं तर लेखी मागा. अशी औषधं सरसकट नाकारता येत नाहीत.

मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही १९८५ पासूनची संस्था आहे, मुंबईत शाखा आहे. तिथे तिला तिच्यासारख्या मुली भेटतील. तुम्हीही एकदा जा, तिथे सासवाही येतात.

राहिला गणपती. लालबागमध्ये त्या दिवसांत घरून निघून फोर्टला पोचणं हेच धडधाकट माणसाची परीक्षा बघतं. तेव्हा तिला आदल्या दिवशीची आणि त्या दिवशीची रजा घ्यायला सांगा, कामासाठी नव्हे, आडवं पडण्यासाठी. चाळीसांच्या जेवणाची भाजी आणि पुऱ्या यंदा बाहेरून सांगा. तुम्ही डबे दिलेत एवढी वर्षं, एकदा दुसऱ्या कोणा बाईचे घ्या. मोदक घरचेच हवेत हे मला कळतं. मोदकपात्राच्या वाफेपाशी तिला उभी करू नका, तिथे तुम्ही राहा. तिला सकाळी लवकर, पंख्याखाली, पाटावर नको, खुर्चीवर बसवा आणि पारी-कळ्यांचं ताट पुढे द्या. पण आधी विचारा, जमेल का म्हणून. बोटांना मुंग्या असतील तर कळ्या सारख्या पडणार नाहीत, काही फुटतील, सारण बाहेर येईल. ते मोदक वेगळे काढू नका. त्याच ताटात ठेवा.